चेंडू हवेत असेतो

कुआंदिकने वाकून बुटांचे तळ ओल्या हाताने पुसले, मान वर केली, आणि तेव्हाच त्याला समोरच्या दारातून आत येणारे पाच म्हातारे दिसले. सगळ्यांत पुढे असलेला दारापाशी थांबला. बुटांवर चढवलेले रबरी जोड त्याने भिंतीचा आधार घेत काढले आणि भिंतीलगत नीट मांडून ठेवले. मागच्या चौघांनीही तसेच केले. बाहेर मे महिन्यातल्या पॉपलरचा कापूस उडत होता. त्यांच्याबरोबर त्याचे थोडे पुंजके आत आले आणि चकचकीत लाकडी फरशीवर रेंगाळले. म्हातारे पहिल्या रांगेत बसले. काठ्या गुडघ्यांच्या मधे धरल्या, हात काठ्यांवर ठेवले. गुणफलकाकडे पाचांपैकी एकानेही पाहिले नाही.

आशियाई क्लब स्पर्धेचा उपांत्य सामना होता. चौथा सेट संपत आला होता. सारा क्रीडामहाल उभा राहून ओरडत होता, आणि त्या ओरड्यात ते पाचजण प्रार्थनेला बसल्यासारखे बसले होते.

कुआंदिकने त्यांना ओळखले. पुढचे ओराझबाय आजोबा. सगळे कारासूचे, त्याच्याच गावचे. तिथून इथे तराझ शहरात यायचे म्हणजे निम्मा दिवस खडबडीत रस्त्यावर जातो. त्या माणसांनी जन्मात कधी व्हॉलीबॉल पाहिलेला नव्हता. पांढऱ्या दाढ्या विंचरून, मखमली झगे घालून, असे एकत्र ते एकाच कामासाठी घराबाहेर पडत.

कारासूत मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. म्हातारे येतात, बसतात, गुराढोरांची आणि गवतपाण्याची चौकशी करतात. मग त्यांच्यातला एकजण एखाद्या पक्ष्याविषयी किंवा झाडाविषयी बोलू लागतो, आणि तो शेवटाला पोचण्याआधीच ऐकणाऱ्याला कळलेले असते. कुआंदिकचे आजोबा गेले तेव्हा तो शाळेच्या वसतिगृहात होता. त्या वेळचे म्हातारे असेच आले होते. वाटीतले सूप संपेपर्यंत ते त्याच्यासमोर गप्प बसून राहिले होते. हातातले काम पुरे होऊ देतात, मग सांगतात.

त्याचे वडील हिवाळ्यापासून अंथरुणावर होते. फुप्फुसे जुन्या भात्यासारखी वाजत. सकाळी त्याने दोनदा घरी फोन लावला होता. दोन्ही वेळा घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि थांबली.

शिट्टी झाली. पलीकडून इराणी संघाची सर्व्हिस आली. फटका मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणे हे कुआंदिकचे काम. त्याच्या हातांनी ते त्याला न विचारता केले.

चौथा सेट कुआंदिकच्या संघाने जिंकला. दोन-दोन सेटची बरोबरी झाली. खेळाडू बाकापाशी आले, तेव्हा एल्दोसने मोज्यात दडवलेला कुर्तचा, म्हणजे सुकवलेल्या दह्याचा, खारट गोळा तोंडात टाकला. मैदानाच्या मागच्या बाजूला लोळून लोळून चेंडू वाचवणारा हा बुटका, आणि संघातला सगळ्यात तोंडाळ.

"तुमच्या गावची मंडळी आली वाटतं," तो म्हणाला. "निवड समिती! बेकझात, अरे केस नीट कर. मुलगी दाखवायला आले असतील. एवढ्या दाढ्या नुसत्या चेंडू बघायला येत नाहीत."

बाकीचे हसले. बेकझात हसला नाही. तोही कारासूचाच, कुआंदिकपेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याचे वडील सादिक शाळेत व्यायाम शिकवत. दोन झाडांना मासे धरायचे जाळे बांधून त्यांनी आधी कुआंदिकला आणि मग स्वतःच्या मुलाला हा खेळ शिकवला होता. बेकझातने एकदा म्हाताऱ्यांकडे पाहिले, एकदा कुआंदिककडे पाहिले. मग पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि ती त्याच्या हातात दिली.

"पी, दादा."

प्रशिक्षक व्हिक्टर गुडघ्यांवर बसून बोलत होते. घसा बसला होता.

"त्यांच्या ब्लॉकचे पाय गेलेत. इराणी दमलेत, बघा कसे वाकून उभे आहेत. कुआंदिक, बेकझातला दे. डोळे मिट आणि बेकझातला दे. एक सेट, पोरांनो, आणि परवा फायनल. या शहराचं नाव आशियात कुणाला उच्चारता येत नाही. परवापासून येईल."

पाचवा सेट सुरू झाला. निर्णायक सेटमध्ये आठव्या गुणाला बाजू बदलतात. तोपर्यंत म्हातारे कुआंदिकच्या पाठीशी होते. त्यांची नजर त्याला दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे जाणवत होती. बाजू बदलली आणि ते समोर आले. आता प्रत्येक वेळी चेंडूकडे पाहायला मान वर केली, की चेंडूच्या खाली, दिव्यांच्या उजेडात, त्या पाच पांढऱ्या दाढ्या दिसत. त्या हलत नव्हत्या. त्यांना घाई नव्हती.

आणि मग त्याला ते उमगले. त्याने ते शोधले नव्हते. ते आपणहून येऊन त्याच्याशेजारी उभे राहिले. या खेळाला घड्याळ नाही. दुसरे खेळ वेळ संपली की संपतात, मैदानावर काहीही चाललेले असो. हा खेळ दोन गुणांचे अंतर पडेपर्यंत चालतो, आणि अंतर पडलेच नाही तर चालतच राहतो. कुणालाही तो थांबवता येत नाही. म्हाताऱ्यांनाही नाही.

चेंडू हवेत असेतो कुणीही मेलेले नव्हते. कारासूच्या त्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, बाबा उशांना टेकून बसलेले होते. चहाचा पेला त्यांच्या छातीवर वरखाली होत होता. चेंडू जमिनीला लागला की खोली अंधारायची. शिट्टी वाजली, सर्व्हिस झाली, की पुन्हा उजेड.

एका गुणाने आघाडी घेऊन कुआंदिकचा संघ विजयापाशी आला. एक गुण उरला होता. एल्दोसने सर्व्हिस इतकी अलगद उचलली, की चेंडू पिकल्या फळासारखा कुआंदिकच्या डोक्यावर आला. उजवीकडे बेकझात झेपावला होता. त्याच्यासमोर कुणी नव्हते. अडवणारा अर्ध्या वाटेत अडखळला होता. कुआंदिकच्या बोटांना हे ठाऊक होते. बोटे डोळ्यांच्या आधी पाहतात, असे सादिक सर म्हणत.

त्याने चेंडू डावीकडे दिला. तिथे सहा हात भिंतीसारखे उभे होते.

चेंडू आपल्याच बाजूला आपटला. बरोबरी.

"डोळे फुटले का तुझे?" व्हिक्टर रेषेवर येऊन ओरडले. "मोकळा होता तो! माळावरच्या उंटासारखा मोकळा उभा होता!"

पुढचा गुण इराण्यांनी घेतला. आता विजयापाशी इराणी होते. त्यांचा फटका एल्दोसच्या दंडाला लागून मैदानाबाहेर उडाला. कुआंदिक धावला, जाहिरातींच्या फळ्यांवरून आडवा झाला, आणि पडता पडता एका मुठीने त्याने चेंडू परत आणला. तो आठवडाभर लंगडेल असा पडला. चेंडू जाळ्यावरून गेला, पलीकडे दोघांच्या मधे पडला, आणि क्रीडामहाल फुटल्यासारखा गर्जला. लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. बरोबरी.

मग पुन्हा कुआंदिकचा संघ पुढे. पुन्हा एकच गुण. पुन्हा बेकझात मोकळा, हात वर करून. कुआंदिकने चेंडू जाळ्याच्या इतका जवळ सोडला, की मधल्या खेळाडूला तो नुसता खरवडता आला. बरोबरी.

असे किती वेळा झाले, हे त्याला नंतर कधी सांगता आले नाही. हरण्याच्या कडेवर तो देवासारखा खेळत होता, आणि जिंकण्याच्या कडेवर आंधळ्यासारखा. लोकांना वाटले, दमला. एल्दोस त्याच्या पाठीवर थाप मारून पुटपुटला, "दादा, तुझ्या पाया पडतो, एकदा त्याला दे." शेवटी शेवटी बेकझातने हात वर करणे सोडले. तो झेपावायचा, मोकळा असायचा, आणि हवेत असताना नुसता कुआंदिककडे पाहायचा. त्या पाहण्यात राग नव्हता.

संपले ते अगदी साधेपणाने. इराण्यांच्या एका हळुवार चेंडूवर कुआंदिकच्या संघातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि चेंडू कोपऱ्यात, रेषेवर, अगदी हलका आवाज करून बसला. दोन गुणांचे अंतर पडले होते.

महालातली माणसे जाईनात. हरल्यावर घराकडे निघायलाही बळ लागते. जाळ्याखालून हात मिळवून झाल्यावर व्हिक्टर कुआंदिकजवळ आले. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

"चुका मी ओळखतो," ते हळू आवाजात म्हणाले. "या चुका नव्हत्या. तू का केलंस ते मला कळत नाही. पण तू केलंस."

त्यांच्या खांद्यावरून कुआंदिकला म्हातारे उठताना दिसत होते; एकाने उठायचे, मग दुसऱ्याला हात द्यायचा.

ओराझबाय आजोबा मैदानाच्या कडेने आले. त्यांनी कुआंदिकचा घामेजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दमलास रे, बाळा."

"सांगा, आजोबा," कुआंदिक म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण तो कुठून तरी लांबून येत होता. "मला कळलंय. तुम्हाला दारात पाहिलं तेव्हाच कळलं. पक्षी नको, झाड नको. सरळ सांगा."

म्हाताऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग मान हलवली.

"तुझ्या बापानं तुला आशीर्वाद सांगितलाय. त्याला स्वतःला यायचं होतं, आम्हीच नको म्हटलं. पहाटेपासून सादिकच्या अंगणात खुर्ची टाकून बसलाय. खोकतो, पण उठत नाही. येईल त्याला भेटतोय. तुझ्या घरचे सगळे तिथंच आहेत." ते थांबले. "सादिक घोडीला खोगीर घालत होता. घालता घालता खाली बसला. तो बसलाच. बेकझातला सख्खा भाऊ नाही. त्याला आम्ही सांगू, ते आमचं काम. तू फक्त शेजारी उभा राहा. पाय गेले, तर धर त्याला."

कुआंदिकच्या जिवात जीव आला.

तो श्वास त्याने मागितला नव्हता. तो छातीच्या तळापर्यंत गेला, थंड आणि गोड. माळावर सायंकाळी वारा फिरतो तसा. बाबा खुर्चीत बसलेले होते. बाबा खोकत होते. सादिक हे नाव त्या श्वासाच्या मागून आले, वाट चुकलेल्या माणसासारखे, उशिरा. आणि त्याच्याही मागून ते सगळे चेंडू आले. एकेक करून, फार सावकाश. बेकझातला न दिलेले. त्यातला एक जरी त्याच्याकडे गेला असता, तर या घटकेला तो पोरांच्या खांद्यांवर असता; लोक त्याच्यावर मिठाई उधळत असते; आणि काहीही न कळलेल्या माणसाचा तो शेवटचा आनंद त्याला पुरता मिळाला असता. म्हातारे थांबले असते. ते तर थांबायलाच आले होते.

ओराझबायांनी त्याचा हात सोडला आणि ते बाकावर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी बाकीचे चौघे बसले.

बेकझात आला. गळ्यात टॉवेल होता, डोळे लाल झाले होते. तो जवळ आला आणि सुतकाच्या घरी माणसे माणसांना घेतात तसे त्याने कुआंदिकला दोन्ही हातांनी छातीशी घेतले.

"दादा," तो कानाशी म्हणाला. "घट्ट राहा. मी आहे."

"बेकझात, ऐक..."

"नको. काही बोलू नकोस. चौथ्या सेटलाच पाहिलं मी त्यांना. एल्दोस बरळत होता तेव्हा त्याच्या कमरेत लाथ घालावीशी वाटली. आणि चेंडू का देत नाहीयेस, तेही कळलं मला. थोडा वेळ लागला, पण कळलं. म्हटलं, दादाला जेवढं खेळायचंय तेवढं खेळू दे. फायनल काय, पुढच्या वर्षी येते."

त्याचा तळवा कुआंदिकच्या पाठीवरून फिरत होता, खालीवर, खालीवर, लहान मुलाला निजवावे तसा. कुआंदिकने आपले हात उचलायचा प्रयत्न केला. दिवसभर ज्यांनी त्याला न विचारता काम केले होते, ते हात आता सांगूनही हलत नव्हते.

बाकावर ओराझबाय आजोबांनी घसा साफ केला.

"बेकझात, बाळा. ये. इथं माझ्याजवळ बस."

"बसतो, आजोबा," बेकझात मिठी न सोडता म्हणाला. "आधी दादाला बसवू द्या."