अक्कांकडे न येणारा चेंडू

सासूला घराबाहेर काढायला मला आठ महिने लागले. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने, कुंदनने, आईला, म्हणजे अक्कांना, धुळ्याकडच्या गावाहून आमच्याकडे मेहरूणला आणलं. तेव्हापासून बाई खोलीतून हलायला तयार नाही. "मी आठे कोनले वळखस?" इथे माझ्या ओळखीचं कोण, हे ठरलेलं उत्तर. शेवटी हात धरून त्यांना शनिवारच्या महिला मंडळात नेलं. आज काही बिनसलं असतं, तर त्या परत उंबरा ओलांडणार नव्हत्या.

मंडळात चार जणी नवीन होत्या, म्हणून विधी नावाच्या पोरीने ओळखीचा खेळ काढला. ही कापडवाल्या कांतीलालशेठची नात, नुकतीच समाजकार्य शिकून आलेली, उत्साह नुसता उतू चाललेला. आधी प्रत्येकीने नाव सांगितलं. अक्का कशाबशा पुटपुटल्या, "यशोदा." मग गोलात उभं राहून एकीचं नाव घ्यायचं आणि तिच्याकडे चेंडू टाकायचा.

"नुसतं नाव हं! काकू, अक्का, ताई काही चालणार नाही."

पोरगी हुशार, पण एवढं तिच्या डोक्यात आलं नाही, की वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची कुणी? चेंडू डिंपलकडे गेला, दिपमालाकडे गेला, माझ्याकडे दोनदा आला. अक्कांकडे कुणी टाकेना. त्या मात्र दोन्ही हात पुढे करून उभ्या. चेंडू उडाला की थोड्या वाकायच्या. मग हात हळूहळू खाली आले आणि त्या उगाच पदर सारखा करायला लागल्या.

माझा जीव तुटला. पण मी पडले सून! अकरा वर्षांत त्यांचं नाव रेशन कार्डावर वाचलं होतं, तोंडाने कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडे सासूचं नाव घेणारी सून म्हणजे निर्लज्ज. तेवढ्यात चेंडू तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. म्हटलं, बोलणी खाऊ घरी जाऊन.

"यशोदा!" मी ओरडलेच.

दिपमालाने तोंडावर हात ठेवला. अक्कांनी चेंडू झेलला, छातीशी धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं, अक्का."

"चुकनं नही." त्यांचे डोळे भरले होते. "माय गई, मंग कोनी मनं नाव लिधं नही. तुना सासरा बी 'कुंदननी माय'च म्हने."

डोळे पुसून त्यांनी चेंडू मलाच परत फेकला.

"रूपा! परत टाक. मनं नाव लिसन टाक."