ठशावरची बाई

डाकिया हा देश जिंकल्याची नाणी पाडायचा हुकूम रोमच्या टांकसाळीत आला, आणि ठसा कोरायचं काम ट्रायफॉनच्या गळ्यात पडलं. तो अँटिओक शहरातून आणलेला गुलाम. कोरणी हातात धरली की त्याला तहानभूक आठवत नसे. काशाच्या नाण्यावर एका बाजूला सम्राटाचा चेहरा हवा होता. दुसऱ्या बाजूला हात बांधलेली, मान खाली घालून रडणारी बाई, आणि कडेनं अक्षरं : ‘डाकिया जिंकली’.

चेहरा झाला, अक्षरं झाली. बाई काही जमेना. मुकादम विबियसनं तोंड वाकडं केलं. “ही रडतेय की पेंगतेय? थांब, तुला खरीच आणून देतो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं गुलामांच्या बाजारातून झिया नावाची डाकियन बाई आणली. कडेवर तिची लहानगी मुलगी. झियाचे हात मागं खांबाला बांधले, तशी पोर तिच्या मांडीला बिलगली. झिया ताठ बसून ट्रायफॉनकडे रोखून बघत राहिली. विबियसनं चाबूक ओढला, पुन्हा ओढला. मान झुकेना.

“दगड आहे मेली!”

उजेड चालला होता. ट्रायफॉन सहज बोलून गेला, “मारून काय होणार, मालक? पोरीला न्या की.”

“अरे वा!” विबियस हसला. “तू तर माझ्याही वरताण निघालास.”

पोरीला उचलून नेलं. तिचं रडणं जिन्यात, मग रस्त्यावर, मग ऐकूच येईनासं झालं. झियाची मान खाली गेली. खांदे गदगदू लागले.

“हां, अशीच राहा. हलू नकोस,” म्हणत ट्रायफॉन भराभर कोरत सुटला. अशी रेष त्याला आयुष्यात साधली नव्हती.

पहिलं नाणं पडल्यावर त्याला राहवेना. ते त्यानं झियाच्या डोळ्यांपुढं धरलं. “बघ, तूच आहेस. हुबेहूब!”

ती बघत राहिली. मग मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये म्हणाली, “झालं ना तुमचं काम? आता आणा माझ्या पोरीला.”

ट्रायफॉननं विबियसकडे पाहिलं.

“ती तेव्हाच विकली,” विबियस हात पुसत म्हणाला. “गलबत सुटलंसुद्धा असेल. हिला मात्र ठेवू. हा ठसा झिजला की दुसरा कोरायचाय. आता हिला रडवायला काही करावं लागायचं नाही.”

झिया किंचाळली. ट्रायफॉननं पाठ फिरवली आणि कोरणीला धार लावायला घेतली.