बटणातलं लग्न

माझं लग्न आजवर दोनशेहून जास्त वेळा लागलंय. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा, सोमवारी सुट्टी. नवरा रघ्या, संग्रहालयाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. घरी त्याची बायको आहे, दोन पोरं आहेत. मी निलम, पगारी नवरी आणि उरलेल्या वेळात गाईड.

गाईड म्हणून सांगते, सायवनच्या या इमारतीत आधी गवताचं गोदाम होतं. आमच्या पाड्यातल्या बायका इथे गासड्या बांधायच्या. गोदाम बंद पडलं, मुंबईच्या एका ट्रस्टने ते घेतलं आणि आमचीच कणगी, आमचंच जातं, आमचाच वाजवायचा तारपा आत मांडून ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. तिकिटात चिकूचा ज्यूस मिळतो, धनुष्याने पाच बाण मारायला मिळतात आणि आमचं लग्न बघायला मिळतं.

लग्न लावते माझी शुक्री आत्या. ती धवलेरी. आमच्यात लग्न धवलेरीच्या गाण्याने लागतं आणि आसपासच्या पाड्यांत आता ती एकटीच उरलीय. शोमध्ये आत्या गाणं म्हणायची, पण नवरानवरीची नावं गिळायची. नावं घेतल्याशिवाय गाठ बसत नाही. पाहुण्यांना कुठे कळतंय? त्यांना फोटो हवे असतात.

मग गेल्या थंडीत सर मशीन घेऊन आले. सर म्हणजे संग्रहालयाचे व्यवस्थापक. "आत्या, तुमच्यामागे हे कोण गाणार? एकदा पुरं गा. आम्ही जपून ठेवू."

हे तिच्या वर्मी लागलं. शिकायला बसलेल्या दोन्ही पोरी वापीच्या कंपनीत निघून गेल्या होत्या. दोन दिवस ती मशीनकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाऊण तास गायलं, आणि पुरं म्हणजे पुरं. नावं घ्यायची वेळ आली तेव्हा समोर हळद लावून आम्हीच दोघं, मी आणि रघ्या, बसलो होतो. सरांना फोटोही हवा होता ना! गाण्याच्या भरात तिने कडव्याकडव्यात आमची नावं ओवली. मला तर तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. मूर्ख मी.

ते गाणं पेनड्राइव्हवर घालून सरांनी एका पेटीत बसवलं आणि पेटीला लाल बटण लावलं. दाबलं की थेट आमच्या नावांचं कडवं वाजायचं. "जगात एकच प्रत," असं ते पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात.

घोलवडच्या वाडीत चिकू पॅक करणाऱ्या नविनशी माझं जमलं. त्याच्या घरचे तारीख धरायला आले. आत्याला बोलावलं, तर ती उंबऱ्यातच बसून राहिली.

"मी लावणार नाय. हिचं लगीन लागलेलं हाय."

"आत्ये, तो शो होता!"

"तां देवाला कोण सांगल? त्यानं काय तिकीट घेतलंय?"

मी भांडले, रडले. कोर्टात लग्न करू, असं नविन म्हणाला. पण धवलेरीशिवाय लागलेलं लग्न आमचा पाडा मानणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मानणार नाही. शेवटी पंच बसले. रघ्याने हसत हसत पंचांसमोर गवताची काडी मोडली आणि मला मोकळी केली. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी तलासरीच्या एका शाळेची सहल आली. पोरांनी चढाओढ करून बटण दाबलं. नऊ वेळा. नऊ वेळा आत्याच्या आवाजाने मला रघ्याशी बांधलं. आत्या माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी गेट बंद झाल्यावर ती माझ्यासोबत पेटीपाशी आली. "काढ तां."

मी पेनड्राइव्ह काढला. एवढासा, बोटाच्या पेराएवढा. "लपवून ठेवते, आत्ये. कोणी वाजवणार नाही."

"आज नाय तर उद्या कोणतरी वाजवल. गाणं फुटलं का गाठ पण सुटल. फोड."

"अगं, तुझं सगळं गाणं आहे यात. पुन्हा गाशील सरांसाठी?"

"आता मशीनसमोर तोंड उघडायची नाय." तिने जात्याकडे बोट केलं. "फोड सांगतंय ना."

मी पाटीकडे न बघता जात्यावर पेनड्राइव्ह ठेवला आणि शेजारचा वरवंटा उचलला. दोन घावांत चुरा झाला. नोकरी जाणार हे कळत होतं, त्याचं काही वाटलं नाही. आत्याकडे मात्र बघवेना. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, मयताच्या घरी बसतात तशी.

"गेला?"

"गेलं."

बाहेर रस्त्यावर नविनच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला. घोलवडला त्याच्या आईकडे जायचं होतं, आता लग्नाची वाट मोकळी झाली हे सांगायला. मी ओढणी घेतली.

आत्याने मला थांब म्हटलं नाही. डोळे मिटून तिने गाण्याची पहिली ओळ हळूच म्हटली आणि ती थांबली. शिकायला बसलेल्या पोरींसाठी ती अशीच थांबायची, त्यांनी मागून म्हणेपर्यंत. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

हॉर्न पुन्हा वाजला. मी खाली बसले आणि ती ओळ म्हटली.