पाहिल्याची खूण

पारूनं कंट्रोलरवरचं बटण दाबलं आणि मास्तरांचा हात हवेतच थांबला. हातात पटाशी, कपाळावर चढवलेला चष्मा, तोंड अर्धवट उघडं. नेमकं त्याच वेळी खालून, फरशीतून, खऱ्या मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला. पडद्यावरचे मास्तर गप्प आणि खालचे खोकतायत, याची तिला दर वेळी थोडी गंमत वाटायची. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग तिनं पुन्हा बटण दाबलं.

"…धार लावताना दगड ओला हवा," मास्तर पुढं बोलू लागले. "कोरड्या दगडावर घासशील तर पटाशीही जाईल आणि दगडही. आणि ठमे, डोळे बारीक करून बघू नकोस. दिसतंय मला."

पारूनं डोळे मोठे केले.

ठमी म्हणजे मास्तरांची लेक, नाव लाडानं लावलेलं. पारूनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पारू हेही तसं लावलेलंच नाव होतं. प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा पाऱ्यावरून कुणीतरी ते चिकटवलं, आणि ते इतकं बसलं की आता तीसुद्धा फोन उचलून "पारू बोलतेय" म्हणायची. तपासणीची खोली बंद ठेवावी लागे. माणसाच्या अंगाच्या उबेनंही आतलं तापमान हलतं, म्हणून एका वेळी आत एकच माणूस. दिवसभर ती, पाण्याची टाकी आणि काचेच्या नळ्या. संध्याकाळी बाहेर पडून कुणाशी पहिला शब्द बोलायचा तर आधी घसा खाकरून आवाज मोकळा करावा लागायचा.

गेम खेळायचं ते यंत्र तिला प्रयोगशाळेतल्याच एकानं गाव सोडताना देऊन टाकलं होतं. पारूला गेममध्ये काडीचा रस नव्हता. तिनं ते टीव्हीला जोडलं, आणि त्याच्यावर ती सिनेमे बघायची, गाणी ऐकायची, फोनमधले फोटो मोठे करून पाहायची.

"शर्यतीच्या घोड्यावरून भाजी आणतेस तू," तो फोनवर म्हणाला होता.

"दारात नुसता उभा राहण्यापेक्षा बरं ना," ती म्हणाली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, तिनंही केला नाही.

एकदा सिनेमा शोधताना यंत्राच्या यादीत एक अनोळखी नाव दिसलं. घरमालकानं साऱ्या इमारतीला मिळून एकच वायफाय दिलं होतं, त्यामुळे तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरमधला व्हिडिओंचा साठा तिच्या टीव्हीवर सरळ उघडत होता. ना कडी, ना कुलूप. आत सिनेमे नव्हते. एक म्हातारा माणूस गळका नळ उघडून बसला होता, आणि कॅमेरा असा लावला होता की अर्धा वेळ त्याचं डोकंच कापलं गेलं होतं. "तुझ्या घरातला नळ गळतो, इथं आलीस तेव्हा म्हणाली होतीस," तो सांगत होता. "प्लंबरला बोलावशील तर तो आख्खा नळ बदलेल. त्याला पोरंबाळं आहेत. तू नुसता वॉशर बदल."

पारू खळखळून हसली. रिकाम्या खोलीत आपलं हसू तिला जरा मोठंच वाटलं.

हे दुसऱ्या कुणासाठी आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आपण दुसऱ्याचं पाकीट फोडतोय असं क्षणभर वाटलंही. पण बघितल्यानं काही झिजत तर नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुढचा लावला. पुढं ते रोजचंच झालं. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत सुतारकाम शिकवत. बोलण्यात अजून वर्गातला दरारा होता आणि दराऱ्याच्या आत भरपूर थट्टा. मध्येच ते काम थांबवून विचारायचे, "जेवलीस का? का उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकलंस?" पारू हातातली बशी खाली ठेवायची आणि मांडी घालून नीट बसायची. तिच्या घरचा फोन आठवड्याला यायचा. आईकडून भावाकडे, भावाकडून वहिनीकडे असा तो हातोहात फिरायचा. "सगळं ठीक ना?" "ठीक." आणि परत आईकडे.

एका व्हिडिओत मास्तर डुगडुगणाऱ्या स्टुलाचा पाय बसवत होते. काम झालं, त्यांनी स्टूल जमिनीवर ठेवून हलवून पाहिलं, आणि कॅमेरा बंद करायला उठले ते तसेच परत बसले. रुमालानं हात पुसत राहिले. नखं पुसली, बोटांच्या पेरांमधलंही पुसलं.

"त्या दिवशी दारात तुला बोललो ना मी. ते बोलायला नको होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं. एवढंच." आणि घाईघाईनं कॅमेऱ्याकडे हात नेला.

पारूनं तो भाग पुन्हा लावला नाही. त्या संध्याकाळी तिनं दुसरं काहीही लावलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ती भाजी घेऊन परतली तेव्हा मास्तर इमारतीच्या मोठ्या दाराचं कुलूप खोलून पायरीवर बसले होते. त्यांना धडावर डोकं असलेलं पाहून तिला उगीच बरं वाटलं.

"वरची ना तू?" ते म्हणाले. "माझ्या ठोकाठोकीचा त्रास होतो का गं?"

"नाही काका. आवाज येतच नाही."

"थापा मारू नकोस. बहिऱ्यालाही येतो. लेकीसाठी व्हिडिओ करतो मी. ती लांब असते."

"हो का?"

"जायच्या आधी तीच सगळं जोडून देऊन गेली. मी इथं टाकायचं, ती तिथं बघणार. बघून झालं की त्याच्यावर हिरवी खूण येते." त्यांनी कुलपातली स्प्रिंग चिमटीत धरून उजेडाकडे केली. "टाकला की त्याच संध्याकाळी खूण! एकही चुकवलेला नाही पोरीनं. शाळेत होती तेव्हा दोन मिनिटं माझ्यापाशी टिकायची नाही."

पारूनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग फोनवर काय म्हणते?"

"फोन कशाला? ती जाताना आमची जरा वाजली होती. मी मनात म्हटलं, फोन करून परत तेच उगाळायचं. त्यापेक्षा व्हिडिओत सांगून टाकलं. तिनं बघितलंय, पार शेवटापर्यंत. खूण आलीय." ते हसले. "बोलली नाही काही. बापावर गेलीय. पण रोज बघतेय म्हणजे राग गेला असणार. नाही का?"

"असेल," पारू म्हणाली.

जिना चढताना तिला पेलाभर पाणी आठवलं. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी ते दाखवायची: गरम पाणी थोडं असेल तर थर्मामीटर बुडवल्यानंच ते किंचित थंड होतं. मोजायला गेलेला माणूस मोजायच्या गोष्टीतलं काहीतरी घेऊन जातो. मुलं मान डोलवत लिहून घ्यायची. ती हे इतक्यांदा बोलली होती की तिला ते ऐकू येईनासं झालं होतं.

भाजी तिनं तशीच ओट्यावर टाकली आणि टीव्ही लावला. सगळ्या व्हिडिओंच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती. पारू एखादा पहिल्यांदा उघडायची तेव्हा ती नसायची. ठमीनं यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. ती कुठंतरी बापाच्या एका शब्दाची वाट बघत असेल, किंवा वाट बघणं सोडूनही दिलं असेल. आणि इथं बाप तो शब्द पोचला म्हणून निवांत बसला होता. पोचला होता खरा. वरच्या मजल्यावर.

खाली जाऊन सांगावं का? ती दारापर्यंत गेलीही. पण काय सांगणार? काका, तुमची माफी मी ऐकली? पायरीवर बसून ते हसले होते तो चेहरा समोर आला आणि ती कडीवरचा हात काढून परत आली.

कंट्रोलरवरचं एक बटण दाबून धरलं की बारीक अक्षरांची यादी उघडायची. त्यात सर्वांत खाली लिहिलेलं असायचं: 'न पाहिलेले म्हणून नोंदवा'. तिनं स्टुलाच्या व्हिडिओवर ते दाबलं. खूण गेली. मग पटाशीचा, मग नळाचा, मग बिजागरीचा. एकेक मास्तर, एकेक हत्यार हातात धरून थांबलेले, आणि एकेक खूण पुसली जात होती. शेवटच्या दोन-तीनांना तिला जरा वेळ लागला. सगळ्या पुसून झाल्यावर ती पाठ भिंतीला टेकून बसली.

त्या संध्याकाळी खाली काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावरून येऊन पायातलं काढतेय तोवर फरशीतून मास्तरांचा आवाज आला. लांब फोन लावला की लांबपर्यंत ओरडावं लागतं, अशा पिढीतला तो आवाज होता.

"हॅलो! ठमे? मी बोलतोय… मी गं, दुसरं कोण!… अगं, तो तुझा कॉम्प्युटर बिघडलाय. सगळ्या खुणा गेल्या… खुणा! तू बघितल्याच्या!"

पारू एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली.

"कसल्या म्हणजे? व्हिडिओच्या… सगळे… म्हणजे तू एकही…"

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मास्तर पुन्हा बोलू लागले, पण आता ते ओरडत नव्हते, आणि फरशीतून शब्द येईनात, नुसती घरघर. तरीही कान दिला असता तर एखादा कळला असता. पारूनं पटकन टीव्ही लावला, हाताला लागेल तो सिनेमा सुरू केला आणि आवाज वाढवत नेला. पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी गाडीतून पाठलाग करत होतं. तिनं तो पाठलाग शेवटपर्यंत पाहिला.

दोन दिवसांनी यादी उघडली तेव्हा स्टुलाच्या व्हिडिओवर हिरवी खूण होती. ती पारूनं लावलेली नव्हती. तिनं आत काही उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नावापुढे छोटं कुलूप आलं, आणि ते निवडलं की यंत्र पासवर्ड मागू लागलं. तिनं 'मागे जा' दाबलं.

मग ती पुन्हा सिनेमे बघू लागली. मधेच थांबवून कान द्यायची सवय मात्र जाता जाईना. खालून आता हसण्याचे आवाज यायचे, कधी वादाचेही. "अगं तो स्क्रू नव्हे, बाजूचा! बाजूचा! डोळे आहेत का बटणं?" आणि मग मास्तरांचं स्वतःचंच मोठं हसू. पारू जेवणाची बशी घेऊन ओट्यापाशी उभी राहून खायची.

तिच्या दाराची वरची बिजागरी सैल झाली होती. दार उचलून लावावं लागे. एका सुट्टीच्या सकाळी तिनं ते उघडंच टेकवून स्टुलावर चढून स्क्रू काढले. भोकं झिजून मोठी झाली होती. तिनं काड्यापेटीतल्या काड्यांची डोकी मोडली, काड्या पांढऱ्या गोंदात बुडवल्या आणि एकेक करून भोकात बसवू लागली. तेवढ्यात गच्चीवरून मास्तर जिना उतरत आले. पाण्याची टाकी बघायला गेले असावेत, विजार गुडघ्यापर्यंत ओली होती.

ते थांबले. तिच्या हाताकडे पाहत राहिले.

"दाढेत सिमेंट भरल्यासारखं ठासून भर," ते म्हणाले.

"हो काका."

"आमच्याकडे म्हणजे गंमतच झाली. माझे व्हिडिओ दुसरंच कुणीतरी बघत होतं. लेकीनं तिथं बसून शोधून काढलं. म्हणाली, कसल्यातरी खेळाच्या यंत्रावरून बघत होते. एखादं कार्टं असेल, म्हणाली. कुलूप घालून दिलं."

"बरं केलं," पारू म्हणाली. एक काडी तिच्या बोटात मोडली. तिनं दुसरी घेतली.

"तेच म्हटलं मी." मास्तरांची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. समोरच टीव्ही होता, खाली ते काळं यंत्र, आणि चटईवर उपडा पडलेला कंट्रोलर. ते तिकडे बघत राहिले. "पण कार्टं वाटत नाही मला. कार्टी इतका वेळ बसत नाहीत."

पारूनं गोंदाची बाटली शोधली. ती तिच्याच हातात होती.

"हे काड्यांचं कुणी शिकवलं तुला?"

"घरी," ती म्हणाली.

मास्तरांनी पायाशी पडलेले स्क्रू वाकून गोळा केले, ओल्या विजारीला पुसले आणि तिच्या तळहातावर ठेवले. खाली फोन वाजू लागला. ते लगबगीनं निघाले, कठडा धरून चार-पाच पायऱ्या उतरले, आणि तिथूनच, मान वर न करता म्हणाले,

"एकच स्क्रू आधी पुरता आवळू नकोस. सगळे अर्धे अर्धे घे, मग घट्ट कर. व्हिडिओत सांगायचं राहूनच गेलं ते."

फोन वाजायचा थांबला. तळमजल्याचं दार लागलं.

पारूनं पहिला स्क्रू अर्धा फिरवला आणि दुसरा घेतला.