सिम नसलेले फोन

"कार्ड हातातून सुटतं."

एवढीच तक्रार होती. आठ महिन्यांपूर्वी बस डेपोच्या चार्टवाल्या काकांनी पाठवलेली. आणि ती बंद कोणी केली? मी. 'आमच्याकडे असे होत नाही. कृपया स्क्रीन स्वच्छ पुसून पाहावी.' हे वाक्य माझं. त्या दिवशी अशा एकवीस तक्रारी मी निकालात काढल्या होत्या आणि संध्याकाळी साहेबांनी पाठ थोपटली होती.

माझं काम लोकांना समजावून सांगता सांगता माझीच दमछाक होते. फोनच्या ऍपमध्ये आपण एखाद्या गोष्टीवर बोट दाबून धरतो, ती उचलली जाते, बोटाबरोबर सरकते, आणि बोट काढलं की तिथे बसते. हे जे उचलणं, नेणं, सोडणं असतं ना, ते मी लिहिते. बारा वर्षं झाली. वडील सगळ्यांना सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर उचलेगिरी करते." पहिली पाच वर्षं मला हसू यायचं.

डेपोसाठीचं ऍप तसं साधं होतं. पडद्यावर वर साठ ड्युट्यांच्या साठ ओळी आणि खाली ड्रायव्हर-कंडक्टरांच्या नावांची कार्डं. काकांनी नाव उचलायचं आणि हव्या त्या ओळीत नेऊन सोडायचं. संध्याकाळी सातला चार्ट बंद, आणि उद्या कुणाला कुठली गाडी ते ज्याच्या त्याच्या फोनवर. सातनंतर बदल हवा तर मॅनेजरची परवानगी.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'बघूया' म्हणतो. पगारवाढ? बघूया. दोन माणसं जास्त हवीत? बघूया. त्या दिवशी मात्र त्यांना घाई होती.

"डेपोत चौकशी लागलीय," ते म्हणाले. "एका कंडक्टर बाईंनी चार्टवाल्यावर तक्रार केलीय. दोन महिन्यांत पाच वेळा मुक्कामी गाडी लावली, मुद्दाम छळतोय म्हणून."

मुक्कामी गाडी म्हणजे शेवटच्या गावाला जाऊन रात्री तिथेच थांबणारी. सगळ्यांच्या वाट्याला ती महिन्यातून एखाद्या वेळी येते.

"पाचव्या वेळी ती तिकडे असताना रात्री तिची आई गेली," बघूया म्हणाले. "ती पोचली दुसऱ्या दिवशी दुपारी. आता ती काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. आणि चार्टवाला म्हणतो, मी तिला दिवसाचीच ड्युटी लावली होती, ऍपने बदलली."

"आणि आपली नोंद काय म्हणते?"

"त्याच्याच बोटाने मुक्कामीच्या ओळीत सोडलं. पाचही वेळा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! गुरुवारी सुनावणी आहे. आपण जायचं, ऍप ठीक आहे असं लेखी द्यायचं, यायचं."

"आणि काकांचं काय होईल?"

"चार महिन्यांवर निवृत्ती आहे म्हणे. काढतील. आपल्याला काय त्याचं?"

खरं सांगते, मंगळवारी मी डेपोत गेले ती काही काकांच्या दयेपोटी नाही. एक दिवस तरी त्या पडद्यापासून सुटका मिळेल म्हणून गेले. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती. एरवी आम्ही उंटावरून शेळ्या हाकतो. ज्या माणसासाठी ऍप लिहितो त्याचं तोंडही कधी बघत नाही.

काकांची खोली म्हणजे जाळीची खिडकी, एक टेबल, भिंतीवर किल्ल्या अडकवायचे आकडे आणि डिझेलचा वास. काका बारीक अंगाचे, शर्टाची सगळी बटणं लावलेले. मला बघून उठून उभे राहिले. मला कसंतरीच झालं.

"या मॅडम. तुम्हीच का त्या स्क्रीन पुसा म्हणणाऱ्या?"

"हो."

"पुसतो हो मी. रोज दोनदा." त्यांनी खिशातून घडी घातलेलं मऊ फडकं काढून दाखवलं. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

सहा वाजता ते चार्टला बसले. मी शेजारी स्टूल घेतलं. तीस वर्षं हे काम खडू-फळ्यावर केलेला माणूस. कुणाची बायको बाळंत झालीय, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं तोंडपाठ. एकेक नाव उचलायचे, क्षणभर विचार करायचे, नेऊन ठेवायचे. मध्येच टॅब वाजायचा. कारण डेपोने पैसे वाचवायला ऑफिसचा फोन आणि चार्टचा टॅब एकच ठेवला होता. सगळे ड्रायव्हर-कंडक्टर त्याच नंबरवर रजा मागायचे, रडायचे, भांडायचे.

सव्वासहाला त्यांनी एका ड्रायव्हरचं कार्ड उचललं आणि वर न्यायला लागले, तोच फोन वाजला. पडदाभर फोन करणाऱ्याचा नंबर आला. काकांनी फोन घेतला, "उद्या बघू रे, आता चार्ट चाललाय," म्हणून ठेवला. पडद्यावर परत चार्ट आला. ते कार्ड बोटाखाली नव्हतं.

"बघा," काका शांतपणे म्हणाले. "सुटलं."

कार्ड सगळ्यात खालच्या ओळीत, मुक्कामीत, जाऊन बसलं होतं. नावांचा ढीग पडद्याच्या तळाशी आणि त्याच्या लगेच वर मुक्कामीची ओळ. कुठलंही नाव वर न्यायचं तर आधी तिच्यावरूनच जावं लागतं.

"आत्ता तुम्ही बघत होतात म्हणून दिसलं," काका म्हणाले. "साठ ओळी आहेत मॅडम. फोनवर बोलून परत आलं की वाटतं, आपण ठेवलं असेल बरोबर. वयही झालंय. मला वाटायचं, माझंच डोकं चालेनासं झालंय."

कपाळ माझं! मला तिथल्या तिथे कळलं. फोनची यंत्रणा आम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी कळवते. एक, माणसाने बोट उचललं. दोन, मध्येच काहीतरी आलं आणि स्पर्श तुटला. पहिल्या वेळी कार्ड तिथे ठेवायचं. दुसऱ्या वेळी ते निमूटपणे मूळ जागी परत पाठवायचं. मी दोन्ही वेळी ठेवून टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी, कुठल्यातरी शुक्रवारी, घाईघाईत.

आणि आमच्याकडे हे कधी का झालं नाही? आमच्या ऑफिसात एक खण आहे. त्यात तपासणीचे चौदा फोन आहेत, लहान-मोठे, जुने-नवे. चौदांपैकी एकातही सिम नाही. कोण कशाला फोन करणार त्यांना? आम्ही शांत बसून कार्डं सरकवायचो आणि म्हणायचो, छान चालतंय.

बुधवारी मी परत गेले. आमच्या नोंदीत प्रत्येक कार्ड कधी उचललं, कधी सुटलं, सेकंदांसकट असतं. काकांच्या टॅबमध्ये आलेल्या फोनांची यादी होती. कंडक्टर ताईंच्या त्या पाच वेळा काढल्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. पाचही वेळा कार्ड सुटलं त्याच सेकंदाला फोन आला होता.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. काका सुटले. मग आणखी एक गोष्ट दिसली. बाकीची कार्डं काका दोन-तीन सेकंदांत ठेवायचे. ताईंचं कार्ड तीस-तीस, चाळीस-चाळीस सेकंद बोटाखाली होतं.

"हिचंच एवढा वेळ का धरायचात?"

काका जरा ओशाळले. "तिची आई अंथरुणाला खिळलेली. घरी दुसरं कुणी नाही. मग मी तिचं नाव मुद्दाम शेवटी घ्यायचो. दिवसाची कुठली बरी ड्युटी उरलीय, चारच्या आत सुटणारी, ते शोधत बसायचो, कार्ड जरासं उचलून तिथेच खाली धरून. नियमात बसत नाही ते. पण करायचो."

बोलता बोलता ते फोनची यादी बघत होते. त्यांचं बोट एका नंबरावर थांबलं. मग खाली गेलं, परत थांबलं. पाचांपैकी चार वेळा तोच नंबर. शेवटच्या वेळीही तोच.

"हा तिचाच आहे," काका म्हणाले.

ती पावणेसातच्या सुमारास काकांना फोन करायची, उद्या दिवसाची द्या म्हणून सांगायला. त्याच वेळी इकडे काका तिचंच कार्ड हातात धरून तिच्यासाठी जागा शोधत असायचे. फोन वाजायचा आणि कार्ड मुक्कामीत पडायचं.

"तिला सांगू नका," काका म्हणाले.

"काका, उद्या विचारतील. सगळं नीट सांगितलं तरच तुमच्यावरचा डाग जाईल."

"यंत्र चुकलं म्हणा. कुणाचा फोन ते कशाला हवंय? पोरीला जन्मभर टोचेल ते. माझे चार महिने राहिलेत. तिची वीस वर्षं नोकरी आहे अजून."

मला त्यांचा रागच आला. एवढं चांगलं असू नये माणसाने, समोरच्याला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

गुरुवारी मॅनेजरच्या खोलीत सुनावणी झाली. मुख्य कार्यालयातून आलेले अधिकारी, मॅनेजर, काका, कंडक्टर ताई, आमचे बघूया आणि मी. ताई माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळं, हातात तिकिटाचं मशीन, कारण सुनावणी संपवून त्यांना गाडीवर जायचं होतं. काकांकडे त्या बघतही नव्हत्या.

बघूयांनी घसा साफ केला. "आमच्या मॅडम ऍपबद्दल सांगतील. तसा त्यात दोष—"

"दोष आहे," मी म्हणाले. "आमच्या ऍपमध्ये आहे आणि तो मी केलाय. फोन आला की हातातलं कार्ड आहे तिथेच पडतं. काकांनी आठ महिन्यांपूर्वी कळवलं होतं. मी न तपासता तक्रार बंद केली. इथे चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय." आणि नोंदींचे कागद टेबलावर ठेवले. फोनची यादी नाही, फक्त आमच्या नोंदी. बघूया माझ्याकडे असे बघत होते की आता उद्या मलाही बघूया म्हणतील.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. "पण नेमका यांच्याच कार्डाच्या वेळी फोन? कुणाचा?"

"कुणाचाही," मी म्हणाले. "त्या वेळेला सतत वाजत असतो. यांचं कार्ड जास्त वेळ हातात असायचं, कारण काका यांना दिवसाची ड्युटी शोधत असायचे. चाळीस सेकंद धरलेलं कार्ड सुटणारच."

ताईंनी पहिल्यांदा काकांकडे बघितलं. काका टेबलाकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी दोन ओळी लिहिल्या, मुद्दाम केल्याचं आढळत नाही, असं वाचून दाखवलं आणि सही केली. तीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत परत मिळालं. काकांनी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही.

मी बाहेर व्हरांड्यात आले. आता घरी जाऊन झोपायचं, एवढंच डोक्यात होतं. मागून ताई आल्या.

"मॅडम, कितीला सुटलं होतं माझं कार्ड? शेवटच्या वेळी?"

"आता नक्की लक्षात नाही."

"सहा बेचाळीस?"

खोटं बोलण्यात मी काही कच्ची नाही, आत्ताच आत बोलून आले होते. पण त्यांच्याकडे न बघता मी पिशवीची चेन लावत बसले.

"माझाच होता ना फोन," त्या म्हणाल्या. "दोनच रिंगा दिल्या आणि ठेवला. म्हटलं, काका चार्टला बसले असतील, कशाला त्रास द्यायचा. नंबर बघून समजतील." मग म्हणाल्या, "मग सातला परत मुक्कामी आली. एवढा राग आला, की विचारायलाही गेले नाही."

"ताई, फोन कुणीही करणार. फोन वाजल्यावर कार्ड परत जागेवर जायला हवं होतं. ते मी लिहिलं नव्हतं. चूक तुमची नाही, माझी आहे." एवढं सांगताना मला रडू आलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं.

त्यांनी माझी समजूत काढली नाही. काढावी असंही काही नव्हतं. खाली त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"आता केलंत का दुरुस्त?"

"हो. काल संध्याकाळी."

"किती वेळ लागला?"

दोन दिवस म्हणावं, असं वाटलं. आठवडा म्हणावं.

"वीस मिनिटं," मी म्हणाले.

"वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. मशीनचा पट्टा गळ्यात घातला आणि जिना उतरून गाडीकडे गेल्या.