मुद्देमालातली काशाची वाटी

काशाची वाटी आहे मी, आणि आज बोलणार आहे. स्टीलच्या घोळक्यात मला धरू नका. शिरूरच्या कासारानं तांबं आणि कथील एकत्र वितळवून, ठोकून ठोकून मला घडवलं. तळव्याला तूप लावून माझं बूड घासलं की अंगातली उष्णता उतरते, तूप काळं पडतं. स्टीलनं हे करून दाखवावं, मग बोलू.

मुक्ताबाईच्या लग्नात मी तिच्या सासरी आले. गाव घोडनदीच्या काठचं. तिचे मालक पोपटराव, भजनी मंडळाचे पुढारी. रोज संध्याकाळी ओट्यावर पाय लांब करून बसायचे. आधी मुक्ताबाई घासायची, सून आली मग सून.

सून सविता. तिचा नवरा विश्वजीत कुरकुंभच्या एका कंपनीचा टँकर चालवायचा. वाटेतून एचआयव्ही घेऊन आला, बायकोला दिला आणि मेला. सविताच्या रक्तातही निघाल्यावर घरानं निकाल दिला, हिनंच आणला. शिवाराबाहेर न गेलेल्या बाईनं टँकरवाल्याला रोग आणून दिला म्हणे. माणसांची अक्कल कुठल्या मुशीत ओततात, मला ठाऊक नाही.

तिचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा, अंथरूण गोठ्याशेजारी. पोपटरावांचे तळवे मात्र जळायला लागले तशी मुक्ताबाईनं मला पुन्हा सविताच्याच हातात दिलं, म्हणाली, "डॉक्टर म्हणलेत, हात लावल्यानं होत न्हाई." ताट वाढताना तोच डॉक्टर खोटा होता.

दोन हजार पाचच्या सुमारास पुण्याहून एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ती जगली, खुरपायला जाऊ लागली. पण पाय पेटले. रोगानं की गोळ्यांनी, कुणी धड सांगेना. डॉक्टर एवढंच म्हणाले, पायाच्या नसा खराब झाल्यात. चादर नुसती टेकली तरी ती दातावर दात दाबायची. माझ्या बुडानं तिनं स्वतःचे तळवे घासून पाहिले. विस्तव लावल्यासारखी किंचाळली. उष्णता असती तर मी उतरवली असती. नसेच्या दुखण्यापुढं मी हरले, आणि हरणं मला आवडत नाही.

मुक्ताबाईनं बजावून ठेवलं होतं, "रानात जाशील तवर भाकर. बसून खायचं आसंल तर भावाकडं जा." भावानं कधीच दार लावून घेतलं होतं. म्हणजे पाय जमिनीला टेकले तरच सविताला घर.

महाशिवरात्रीला देवळात भांग घोटली. पुरुष प्याले, डुलले. पातेली घासायला सविता. तळाशी राहिलेलं तिनं पिऊन टाकलं. त्या रात्री चादर पायांवर घेऊन झोपली. सकाळी वहाण घालून रानात गेली.

पोपटरावांच्या उसात मधल्या सरीला गांजाची रोपं होती, मंडळाच्या चिलमीसाठी. गावाला ठाऊक, देवाला ठाऊक. सविता खालची पानं खुडायची, तुपात परतून माझ्यात ठेवायची आणि दिवेलागणीला बोटभर चाटायची. आग विझायची नाही, पण शेजारणीसारखी जरा लांब जाऊन बसायची. तेवढ्यावर तिचं रान निघायचं.

एकदा पोपटरावांना वास आला.

"काय चाटतीस गं?"

"प्रसाद, मामा."

"कसला प्रसाद?"

"तुम्ही घेता तवा प्रसादच म्हणता की."

मुक्ताबाईला हसू फुटलं, तिनं ते पदरात दाबलं. पोपटराव हसले नाहीत. "गड्यानं घेतला तर प्रसाद. बाईनं घेतली की नशा."

"नशा आसती तर तुमचे पाय घासता घासता मी लवंडले नसते का?" सविता म्हणाली. "मामा, पाय टेकवत न्हाई हो. बोटभर तर घेते."

पोपटरावांनी पाय पुढं केले.

थोड्याच दिवसांत कुणीतरी चुगली केली आणि हवालदार उसात शिरले. रोपं उपटून अंगणात टाकली. पोपटरावांनी हात जोडले, "सून आजारी हाय, साहेब. तिनंच लावलंय. आम्हाला काय ठावं."

हवालदारानं गोठ्याजवळून मला उचललं, तूप हुंगलं. बुडावर नाव घातलेलं होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं. "सौ. मुक्ताबाई. वाटी तुमची?"

"आत्या," सविता म्हणाली, "ऊस कुणाचा, तेवढंच सांगा."

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "बाटलेलं भांडं हाय ते. तिला कवाच देऊन टाकलंय."

सविताला जीपमध्ये बसवलं. तिच्या गोळ्यांची पिशवी खुंटीलाच राहिली. मुक्ताबाई चिमटा घेऊन त्या पिशवीकडं वळली, एवढं मी जाता जाता पाहिलं. पिशवी उकिरड्यावर गेली असणार.

मी आता पोलीस ठाण्याच्या मालखान्यात फळीवर आहे. कडेला सुतळी, सुतळीला चिठ्ठी, आत तूप हिरवं पडलेलं. इथली माणसं बोलतात ते ऐकते. सविता जामिनावर सुटली, घरानं उंबऱ्यात घेतली नाही. दौंडच्या रेल्वे स्टेशनात पाय उघडे टाकून बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, लांबून जा बाबा, धक्का लागंल. तिथंच गेली. वाटी घेऊन जा म्हणून पोपटरावांना निरोप धाडला, तर उत्तर आलं, आमची नव्हे.

एक दिवस मोडीत निघेन, त्याचं दुःख नाही. ओतणाऱ्या दादा, मला वितळव, परात कर, ताट कर, काय वाटेल ते कर. घंटा तेवढी करू नकोस. देवळात पहिला हात पोपटरावांचा पडतो. त्या हाताखाली मी वाजणार नाही. तडकेन.