जीपचा नमस्कार

"आली, आली! बाबांची जीप आली!"

महाळुंग्यामागच्या टेकडीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. शिफ्ट सुटली की पोरं कंपनीच्या कपड्यांवरच यायची. ज्ञानेशची बापाच्या वेळची जुनी जीप मठाच्या पायरीसमोर करकरत थांबायची. मग दहा जणांनी ढकलली तरी तसूभर हलायची नाही. आरती आटोपली की मठातले बाबा बॉनेटवर हात ठेवत, "जा बाळा," म्हणत, आणि जीप सुटे.

"यंत्राला भक्ती कळते, माणसाला कळत नाही," बाबा बजावायचे. "हिच्या ब्रेकला पाना लावाल, तर देव उठून जाईल!" जणू देव म्हणजे भाडेकरूच.

गर्दीच्या कडेला ज्ञानेशचे थोरले भाऊ गेनूतात्या धुमसत उभे असायचे. मिसरूड फुटल्यापासून कीर्तनात टाळ धरलेला माणूस. बुवांनी आळवणी सुरू केली की यांचे डोळे भरून यायचे. आणि देव उतरला कुठं? तर ज्यानं अभंगाची एक ओळ कधी धड म्हटली नाही, त्या धाकट्याच्या जीपमध्ये! सप्ताहात बुवांना हार घालायचा मानही आता ज्ञानेशकडेच गेला होता.

"देवाला बी वशिला लागतो जणू," तात्या जेवताना कुरकुरले.

"पोट दुखत असंल तर ओवा खावा," त्यांच्या बायकोनं, तानाबाईंनी, भाकरी वाढता वाढता सुनावलं.

त्यात बाबांनी जाहीर केलं, की येत्या गुरुवारी आरतीनंतर जीप गावातली लहान पोरं भरून घाट उतरणार, बिनधोक. पुढच्या सीटवर ज्ञानेशची धाकटी आरोही बसणार.

आदल्या दिवशी तात्यांनी "कीर्तनाचा माईक आणायचाय" म्हणून किल्ली मागून घेतली. मनातला बेत वेगळाच होता. जीप विठोबाच्या देवळावरून न्यायची. आपल्या हातून तिथं थांबली, तर आपली पुण्याईही गावाला दिसेल.

देऊळ आलं, मागं पडलं. जीपनं ढुंकूनही पाहिलं नाही. पुढं ट्रकांच्या रांगेत ब्रेक दाबून दाबून पाय भरून आला, आणि आकुर्डी जवळ येता येता जीप करकरत जागीच बसली. तात्यांनी हरखून मान वर केली. समोर बिअर शॉपी!

"तात्या, दर्शन घ्या निवांत!" एक रिक्षावाला ओरडला. "प्रसाद थंडगार हाय!"

तात्यांनी लाजेनं मुलीला फोन लावला. योगिनी आकुर्डीच्याच कॉलेजात वाहनांचं तंत्र शिकवायची. तिनं येऊन चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. "नुसती भट्टी झालीय. गार होऊ द्या." दोघांचा चहा झाला, गप्पा झाल्या, आणि जीप आपसूक सुटली.

"इथं 'जा बाळा' कोण म्हणालं, आबा?" तिनं वडिलांना विचारलं.

योगिनीनं लगेच काकाला फोन केला. "बाबांनी पाना लावू नका म्हटलंय," एवढं बोलून ज्ञानेशनं तो ठेवून दिला.

"ठेवू दे!" तात्यांना उकळी फुटली. "उद्या सगळ्या गावासमोर दावतो त्याला."

"ब्रेक नीट करायचाय, की काकाचं नाक कापायचंय?"



गुरुवारी जीप मठापुढं थांबली. आरती व्हायची होती, तरी पोरं चढूनही बसली. "मोठे बाबा, मला बघा!" पुढच्या सीटवरून आरोहीनं तात्यांकडे बघून हात हलवला. शेजारी ज्ञानेश, गळ्यात हार. तात्यांच्या जिभेवर वाक्य तयार होतं: माझा भाऊ येडा हाय. पण त्या पोरीकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"मंडळी, पोरं खाली उतरवा!" ते ओरडले. "ही जीप काल माझ्या हातनं बी थांबली. बिअर शॉपीपुढं! मला भावाचा हेवा वाटत व्हता. वाटलं, देव माझ्यासाठी बी थांबंल. हसा मला!"

टेकडी खदाखदा हसली. ज्ञानेशला मात्र हसू आलं नाही. त्यानं आरोहीला आधी उतरवलं, मग बाकीची पोरं.

योगिनीनं चाकांना दगड लावले आणि पाना काढला.

"कोप होईल!" बाबा गरजले. "आरतीआधी देव सोडणार नाही!"

तिनं चाकामागचा बारीक स्क्रू सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली. दगड काढून तिनं नि तात्यांनी बोटांनी रेटली तशी जीप सरकली. आरती अजून व्हायचीच होती.

तिनं तेल हुंगलं. "काका, ब्रेकमध्ये काय ओतलंत?"

"इंजिनाचं उरलेलं. तेल ते तेल..."

"त्यानं आतली रबरं फुगली. ब्रेक दाबला की तेल चाकाकडे जातं, पण परतीचं भोक त्या फुगलेल्या रबरानं झाकलंय. तेल आत कोंडतं, तापतं, फुगतं आणि चाकं आवळून धरतं. गार झालं की सोडतं. घरापासून इथवरचा रस्ता तापायला पुरतो, आरती होईस्तोवर गार होतं. हीच रबरं घाटात दगा देतात. सगळी बदलावी लागतील, तेलही."

"ही देवाची परीक्षा..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, देव मलाबी प्यारा हाय," तात्या म्हणाले. "पण त्यानं डोकं दिलंय ते नुसतं टेकवायला न्हाई. ज्याला पान्याचं भ्या वाटतं, तो देव नव्हं. मंडळी, भजन मनापासनं करा. पण कुणी 'तपासू नका' म्हणालं, की तितंच आधी तपासा. पोरं आपली हायती."

गर्दी पांगू लागली. ज्ञानेशनं गळ्यातला हार काढला, बॉनेट उघडलं आणि योगिनीला विचारलं, "गॅरेजला न्यायला टोचन लावू ना?"